जुनी युरोपियन प्रिंट हातात आली तर आधी खालची ओळ वाचा

आमच्याकडे गोव्यात, बार्देसात, साश्टीत जुनी घरं विकली जातायत, वाटण्या होतायत, आणि ओरातोराच्या (घरातल्या प्रार्थनेच्या देव्हाऱ्याच्या) बाजूला वर्षानुवर्षं लटकलेल्या, काळ्यापांढऱ्या छापील चित्रांच्या फ्रेम्स म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नाहीतर व्हॉट्सअपच्या ग्रुपवर येतात, खाली लिहिलेलं असतं 'ओरिजिनल, भाव बोला'. भावाचं नंतर बघू. आधी प्रिंट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं चित्र, वाचायची कशी ते सांगतो, आणि त्यासाठी सोळाव्या शतकातल्या हिएरोनिमस कॉक नावाच्या प्रिंट-प्रकाशकाची थोडी माहिती हवी.

हा आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्पचा, चित्रकारांच्या घरातला. बाप यान वेलेन्स दे कॉक चित्रकार, भाऊ माथेस निसर्गचित्रं काढायचा, हा स्वतः १५४६ च्या सुमारास तिथल्या चित्रकारांच्या गिल्डमध्ये (व्यावसायिक संघात) मास्टर झाला. आणि मग १५४८ ला बायको फोल्कस्केन डिरिक्सला बरोबर घेऊन त्याने प्रिंटचं दुकान टाकलं, नाव 'चार वारे'. मला तर हे सरळ धंद्याचं डोकं वाटतं, रंगवलेलं चित्र एकदाच विकलं जातं पण तांब्याचा पत्रा एकदा कोरून घेतला की शेकडो कागद निघतात. स्वतः काढणं त्याने सोडलं नाही, १५५१ ला रोमच्या पडक्या इमारतींची त्याची एचिंग्ज (आम्लाने पत्र्यावर रेघा खोदून छापलेली चित्रं) आली, पण जास्त काम दुसऱ्यांकडून करून घ्यायचा. चित्र एकाचं, कोरणारा दुसरा, विकणारा कॉक. इटलीतल्या मांतुआच्या जोर्जो गिझीने इटालियन चित्रकार राफाएलचं 'अथेन्सची शाळा' हे चित्र पत्र्यावर कोरलं, ते १५५० ला यानेच बाजारात आणलं.

आता खालची ओळ. रोमन लिपीत बारीक लॅटिन असतं, घाबरू नका, चारच शब्द बघायचे. 'इन्व्हेनिट' किंवा 'इन्व्हेंटर' म्हणजे कल्पना ज्याची तो, 'पिंक्सिट' म्हणजे मूळ रंगवलं ज्याने तो, 'स्कल्प्सिट' म्हणजे कोरणारा ('फेसिट' पण बऱ्याचदा त्याच अर्थाने येतं), आणि 'एक्सकुडिट', जे तोडून नुसतं 'एक्सकु.' किंवा 'एक्सकुड.' लिहितात, म्हणजे छापून विकणारा. दुकानदार 'एक्सकुडिट'वाला. लोक हे नाव बघतात आणि चित्रकार म्हणून गुगल करतात, तिथेच घोळ होतो.

आणि 'इन्व्हेंटर'वर पण आंधळा विश्वास नको. 'मोठे मासे लहान माशांना खातात' ही प्रिंट नेटवर उघडा, गोंयकाराला मासळी बघायला सांगायला नको. किनाऱ्यावर आडवा पडलेला प्रचंड मासा, एक माणूस स्वतःपेक्षा मोठ्या सुरीने त्याचं पोट फाडतोय, तोंडातून आणि पोटातून मासेच मासे बाहेर पडतायत. खाली इन्व्हेंटर म्हणून जुना नामांकित चित्रकार हिएरोनिमस बॉशचं नाव, कॉकचं एक्सकुडिट आणि साल १५५७. बॉश तर १५१६ लाच गेलेला! मूळ ड्रॉइंग पीटर ब्रुगेल या चित्रकाराचं, १५५६ चं, सहीसकट व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. तेव्हा ब्रुगेल नवखा होता, बॉशच्या नावाला गिऱ्हाईक होतं, एवढाच हिशेब असणार. ड्रॉइंग आणि प्रिंट शेजारी ठेवलीत तर चित्र उलटं दिसेल, आरशात दिसतं तसं, कारण पत्र्यावरून कागदावर येताना डावं उजवं होतं.

साल वाचताना पण जपून. ते पत्र्यावरचं असतं, कागदाचं नाही. कॉक १५७० ला वारला, दुकान बायकोने १६०० पर्यंत, म्हणजे ती जाईपर्यंत चालवलं (या बाईवर वेगळं लिहायला पाहिजे खरं तर), त्यानंतर पत्रे गाले घराण्यासारख्या दुसऱ्या प्रकाशकांच्या हातात गेले आणि पुन्हा पुन्हा छापले गेले. म्हणून रेघा पुसट, सावल्या करड्या दिसल्या तर झिजलेल्या पत्र्यावरची उशिराची प्रत समजा.

मग कागद. भिंगाखाली ठिपक्यांचं जाळं दिसलं तर ती फोटोवरून मशीनवर छापलेली, विषय संपला. रेघा सलग असतील तर चित्राच्या कडेने बोट फिरवा, पत्र्याच्या दाबाने कागद बसलेला लागतो, अर्थात कडा कापलेल्या असतील तर नाही लागणार. उजेडासमोर धरल्यावर जवळजवळ बारीक समांतर रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या लांब अंतरावरच्या रेघा दिसल्या तर जुन्या पद्धतीने हाताने साच्यावर केलेला कागद असण्याची शक्यता चांगली. मात्र फ्रेम घरी फोडू नका, आपल्या पावसाळ्यात दमट झालेला कागद काचेला चिकटलेला असू शकतो, ओढला की शाई काचेवर राहते. तपकिरी डाग ब्लीचने घालवायच्या भानगडीतही पडू नका.

शेवटी अ‍ॅमस्टरडॅमच्या रेइक्सम्युझियम किंवा लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या साइटवर तीच प्रिंट शोधा आणि मोठी करून एका कोपऱ्यातल्या रेघा रेघेला रेघ जुळवा, अक्षरांची ओळ तर अगदी नीट, कारण पत्र्याला नवा मालक आला की बदल तिथेच व्हायचा. आणि वस्तू शंभर वर्षांवरची निघाली तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यात बसू शकते, परदेशातल्या गिऱ्हाइकाला परस्पर कुरियर करू नका, आधी पुरातत्व खात्याला विचारा.