रूळ घासत बसण्याआधी: मॉडेल रेल्वेत नेहमी होणाऱ्या चुका

इंजिन एकाच जागी अडखळतं, हेडलाइट मिणमिणतो, डीसीसीवर (रुळातूनच डिजिटल आदेश पाठवून गाडी चालवण्याच्या पद्धतीवर) असाल तर साउंड डीकोडर, म्हणजे इंजिनातली आवाज काढणारी चिप, मध्येच गप्प होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये धावत्या गाड्या बघून ज्यांनी घरी पहिला सेट मांडला, त्यांनाही कधीतरी हे भोगावं लागतंच. मग हात पॉलिश पेपरकडे जातो. रूळ चकाकतात, गाडी थोडे दिवस झकास पळते आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

पॉलिश पेपर आणि तारेची घासणी

एचओच्या (१:८७ प्रमाणाच्या मॉडेलच्या) रुळाचा माथा साधारण एक मिलिमीटर रुंद. त्यावर जाड पेपर फिरवला की माथ्यावर चरे पडतात. भिंगातून बघाल तर नांगरलेल्या शेतासारखे दिसतात. पुढची काजळी नेमकी त्यांतच बसते आणि पुसून निघत नाही. तारेची घासणी त्याहून वाईट. तिचे लोखंडी कण खडीत सांडतात, वरून जाणाऱ्या इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक ते ओढून घेतं आणि मोटर जळायची वेळ येते.

जुने पितळी रूळ काळे पडले असतील किंवा खडी चिकटवताना माथ्यावर फेविकॉल सुकला असेल, तर घासण्याला पर्याय नाही. फेविकॉल आधी ओला करून लाकडी काडीने खरवडा. पितळेला हजार नंबरचा पेपर, मग दोन हजारचा, आणि शेवटी कोरड्या कापडाने पॉलिश. आजकालचे रूळ बहुतेक निकेल सिल्व्हरचे, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल. नावात चांदी असली तरी आत ती नसते. त्यांना पेपर लावायची गरज क्वचितच पडते.

हाताला लागेल ते द्रावण

रुळावरचा काळा थर निव्वळ धुळीचा नसतो. चाक आणि रूळ यांच्यात सतत बारीक ठिणग्या पडतात, त्यांची काजळी, डब्यांच्या प्लास्टिक चाकांचा चुरा, इंजिनातून ओघळलेलं तेल असं सगळं त्यात असतं. आपल्या घरांत फोडणीचा आणि उदबत्तीचा धूरही त्यात भर घालतो.

घरात उरलेलं सॅनिटायझर यासाठी वापरू नका. त्यात बहुधा ग्लिसरीन असतं, ते उडून न जाता रुळावर चिकट राहतं. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन प्लास्टिकचे स्लीपर विरघळवतं. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल चांगलं, मळ झटकन सुटतो. पण नुसत्या त्याच्यावर थांबलं तर काळेपणा लवकर परततो, असं अनेक हौशी लोक सांगतात. अल्कोहोलसारख्या ध्रुवीय (पोलर) द्रावणांनंतर ठिणग्या जास्त पडतात, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. म्हणून शेवटचा हात मी रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या मिनरल टर्पेंटाइनचा देतो, ते ध्रुवीय नसतं. कोपऱ्यातल्या एखाद्या स्लीपरवर आधी थेंब टाकून बघा.

जुन्या पांढऱ्या बनियनचा तुकडा लाकडी ठोकळ्याला गुंडाळा, चार थेंब टाका, माथा पुसा आणि रुळाची आतली वरची कडही पुसा, कारण चाकाची कड तिथे टेकते. कापडावर काळी रेघ उमटायची थांबेपर्यंत जागा बदलत राहा. हे सगळं वीज बंद करून आणि खिडकी उघडी ठेवून. रूळ पूर्ण वाळल्याशिवाय गाडी सोडू नका. ठिणगी आणि टर्पेंटाइन एकत्र नकोत.

शिलाई मशीनचं तेल रुळावर फिरवणारेही आहेत. बोटाने पुसून जेमतेम ओशटपणा राहील इतकंच चालतं. जास्त झालं की चढावर चाकं जागच्या जागी फिरतात.

मळ नसताना मळ शोधणं

मला सर्वात जास्त दिसणारी चूक ही. दोष फिशप्लेटच्या (रुळाचे दोन तुकडे जोडणाऱ्या धातूच्या पट्टीच्या) जोडात असतो आणि माणूस रूळ घासत बसतो. फिशप्लेट सैल होते, तिच्या आत गंज धरतो, पावसाळ्यात तर हमखास. त्यात मल्टिमीटर फसवतो. त्याला करंट जवळजवळ लागतच नाही, त्यामुळे खराब जोडापलीकडेही तो ऐटीत १२ व्होल्ट दाखवतो.

खरी परीक्षा बल्ब लावून होते. १२ व्होल्टचा ५ वॉटचा गाडीचा बल्ब साधारण ०.४ अँपिअर खेचतो. साध्या डीसीवर कंट्रोलर पूर्ण उघडा, बल्ब शंकास्पद तुकड्यावर जोडा आणि तो पेटलेला असताना व्होल्टेज मोजा. मग कंट्रोलरजवळ मोजा. तिथे १२ आणि इथे ९ आलं, तर फरक वाटेतल्या जोडांत किंवा वायरिंगमध्ये आहे, पुसून तो जाणार नाही. प्रत्येक जोडाच्या अलीकडे-पलीकडे मोजत गेलं की गुन्हेगार सापडतो. त्याच्या पलीकडच्या तुकड्याला कंट्रोलरपासून थेट येणारी वेगळी फीडर वायर डाग देऊन जोडा.

पॉइंटवरच, म्हणजे रूळ दोन वाटांत फुटतो तिथे, गाडी अडत असेल, तर जिभेची (सरकणाऱ्या रुळाची) टोकं बाजूच्या रुळाला नीट टेकतात का ते बघा. तिथे द्रावणात भिजवलेली कागदाची पट्टी धरून जीभ मिटवायची आणि पट्टी ओढायची. ग्राफाइट लावणाऱ्यांनी पॉइंटपासून लांब राहावं, ते वीज वाहतं आणि इन्सुलेटेड फ्रॉगवर (पॉइंटमध्ये रूळ एकमेकांना छेदतात त्या वीज न वाहणाऱ्या तुकड्यावर) शॉर्ट करू शकतं.

चाकं विसरणं

स्वच्छ रुळावर घाणेरडी चाकं फिरवली की एका फेरीत मळ सगळीकडे. रुळावर किचन टॉवेल आडवा टाका, थोडं अल्कोहोल शिंपडा. इंजिनाची एक बोगी (खालचा चाकांचा गाडा) टॉवेलवर, दुसरी उघड्या रुळावर ठेवून इंजिन हाताने धरा आणि करंट द्या. टॉवेलवर दोन काळे पट्टे उमटतील. मग इंजिन फिरवून दुसरी बोगी. एकाच बोगीतून वीज घेणाऱ्या जुन्या इंजिनांना ही युक्ती अर्धीच चालते, त्यांच्या चाकांना वायर टेकवावी लागते. रबरी टायर असलेल्या चाकांना द्रावण लावू नका, टायर फुगतात किंवा कडक होतात. डब्यांची प्लास्टिक चाकं बदलून धातूची घातली तर पुसण्याचा व्याप बराच कमी होतो.