फिले काढायला इलेक्ट्रिक सुरी घ्यायची की साधी? बडोद्यातल्या मासेखाऊंसाठी

हल्ली आपल्याकडे बऱ्याच जणांना ती दोन पात्यांची घर्रर्र करणारी इलेक्ट्रिक सुरी घ्यायचीये, व्हिडिओत तो माणूस बघता बघता अख्ख्या माशाचा फिले, म्हणजे मणक्यापासून सोडवलेला मांसाचा लांब सपाट तुकडा, काढून बाजूला ठेवतो आणि मग वाटतं आपणही मागवून टाकावी. मागवा, पण त्याआधी एवढंच बघा की तुमच्या घरी कुठला मासा येतो आणि एका वेळी किती येतो. सुरी त्यावरून ठरते, किमतीवरून नाही आणि ब्रँडवरून तर अजिबात नाही.

आता बडोद्यात समुद्र नाही, वेरावळकडून बर्फात येतं ते सुरमई, पापलेट, रावस, बांगडा, आणि गोड्या पाण्याचं म्हणजे रोहू-कटला. पावसाळ्यात भरूचकडून नर्मदेतला हिलसा, म्हणजे आपला पाला. यातली सुरमई आपण फिले करून खातोच कुठे, आपल्याला आडव्या गोल तुकड्या लागतात, मधल्या काट्यासकट, आणि तो काटा तोडायचं काम या दोन्ही सुऱ्यांचं नाही, ते बाजारातच मोठ्या सुऱ्याने करून घ्या. कटिंगचे चार पैसे जास्त गेले तरी चालतील पण बारीक पात्याने मणका तोडायला जाऊ नका, पात्याला खाच पडते.

रोहू, कटला आणि पाला यांचं वेगळंच. यांच्या मांसातच सुटे बारीक काटे असतात, रोहूत तर वाय आकाराचे, ते मधल्या काट्याला धरून नसतात. त्यामुळे सुरी कुठलीही घ्या, फिले काढल्यावरही काटे आतच राहणार, आणि "इलेक्ट्रिकने बोनलेस रोहू" असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. रोहूला एकच उपाय चांगला आहे, फिले काढून कातडी खाली ठेवायची, वरून धारदार साध्या सुरीने दोन-तीन मिलिमीटरवर आडव्या चिरा द्यायच्या, कातडीपर्यंत जायचं पण कातडी कापायची नाही, मग रवा लावून कडक तळायचं. काट्यांचे इतके छोटे तुकडे होतात की कुरकुरीत होऊन जातात. तरी लहान मुलांना देताना बोटाने चाचपूनच द्या. हे काम इलेक्ट्रिकने होत नाही, ती कुठे थांबली ते हाताला कळतच नाही.

मुळात फरक हाच आहे. इलेक्ट्रिक सुरीत दातेरी दोन पाती चिकटून बसवलेली असतात आणि एक पुढे गेलं की दुसरं मागे येतं, म्हणून आपल्याला हात मागेपुढे करावा लागत नाही, फक्त दिशा द्यायची. साध्या फिले सुरीचं पातं अरुंद आणि लवचिक असतं, ते काट्यावर टेकून वाकतं आणि मणक्याच्या प्रत्येक काट्यावरून जाताना टिक टिक टिक असं बोटांना जाणवतं. ती टिकटिक येत राहिली म्हणजे मांस काट्यावर राहत नाहीये. इलेक्ट्रिकच्या थरथरीत हे सगळं बुडून जातं, बरगड्या तर ती न विचारता कापून पुढे जाते आणि नंतर त्या फिलेमधून वेगळ्या कापून टाकाव्या लागतात, त्यासोबत पोटाकडचं थोडं मांसही जातं. रावसाचं पोटाकडचं मांस फेकायला माझा तरी जीव होत नाही.

मग इलेक्ट्रिक कोणासाठी? ज्यांच्याकडे घरगुती ऑर्डरी असतात, फिश फ्राय, कटलेट, एका दिवशी आठ-दहा किलो रावस किंवा कटला येतो, त्यांनी जरूर घ्यावी. मनगट दुखत नाही, जाड कातडी सपासप निघते आणि पाचव्या माशालाही पहिल्यासारखाच वेग राहतो. ज्यांच्या बोटांना संधिवात आहे त्यांनाही मी इलेक्ट्रिकच सांगेन. बाकी महिन्यातून दोनदा एक-दीड किलो आणणाऱ्या घराला साधीच. पापलेटाला पाठीकडून खिसा करून हिरवी चटणी भरायची असेल, बांगडा उघडून मधला काटा काढायचा असेल, बोंबील चिरून दाबायचे असतील, तर तिथे इलेक्ट्रिक घेऊन करणार काय? पापलेटाची कातडी इतकी पातळ की ती फाडूनच ठेवते.

साधी घेताना पात्याची लांबी बघा. बांगडा-पापलेटाला 6 इंच पुरे, रावस-कटल्याला 7 ते 8. दुकानात टोक लाकडावर टेकवून हलकं दाबा, पातं वाकून हात काढताच सरळ झालं पाहिजे, अजिबात वाकत नसेल तर ती मटण कापायची आहे. मूठ लाकडाची नको, ओल्या हातातून सटकते आणि वासही धरते, खरबरीत रबरी मूठ घ्या.

इलेक्ट्रिक घेताना आधी व्होल्टेज वाचा. अमेरिकेतून कोणी पाहुणे घेऊन येतात ती वायरवाली बहुतेक 120 व्होल्टची असते, आपल्या 230च्या प्लगमध्ये लावली की मोटर जळलीच समजा. बॅटरीवाली असेल तर चार्जरवर 100-240 लिहिलंय का बघा. आणि जादा पाती मिळतात का हे विचारूनच पैसे द्या, कारण दातेरी पात्याला घरी धार लावता येत नाही, बोथट झालं की बदलायचंच.

कापायची रीत दोन्हीला जवळपास सारखीच. मासा आधी बर्फात गार आणि कडक करा, मऊ मासा फाटतो. खवले काढून, धुऊन, पुसून घ्या. कल्ल्यामागे, बाजूच्या पराच्या मागून तिरका काप मणक्यापर्यंत, मग पातं आडवं करून मणक्यावर टेकवून शेपटीकडे. शेपटीजवळ थांबा, फिले तिथे जोडलेलाच राहू दे, तो उलटा पाडा आणि कातडी-मांसाच्या मधून पातं सरकवा, पातं कातडीकडे किंचित झुकलेलं. साध्या सुरीत सुरी स्थिर ठेवून कातडी मिठाच्या चिमटीने धरून ओढा, पकड सुटत नाही. इलेक्ट्रिकमध्ये ढकलू नका, पात्याला त्याच्या वेगाने जाऊ द्या, बरगड्यांपाशी आवाज जाड होतो तिथे हात अजून हळू.

आणि हे नीट वाचा. स्टीलच्या जाळीचे किंवा कट-प्रूफ म्हणून मिळणारे ग्लव्ह साध्या सुरीसोबत घाला, फार उपयोगाचे आहेत, पण चालत्या इलेक्ट्रिक पात्यापुढे त्यांच्या भरवशावर राहू नका, दातेरी पातं कापडी ग्लव्हमध्ये अडकून हात आत ओढू शकतं. मोकळा हात पात्याच्या मागेच ठेवायचा, पुढे कधीच नाही. मासा फिरवताना बटण सोडा, पाती काढताना प्लग काढा. सिंकजवळ वायरवाली वापरत असाल तर त्या लाइनला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या.

साध्या सुरीला धार 1000 नंबरच्या दगडावर, दोन्ही बाजूंनी 15 ते 20 अंशात. रस्त्यावरच्या चाकवाल्याकडे देऊ नका, पातळ पातं चाकावर तापतं आणि वर्षभरात निम्मं झिजून जातं. वापरून झाली की लगेच गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने माशाचं चिकटतं, मग साबण, मग लिंबाची फोड चोळून कोरडी पुसून ठेवा. इलेक्ट्रिकची फक्त पाती धुवायची, मोटरवाली मूठ ओल्या फडक्याने पुसायची, आणि दोन्ही पाती सुटी करूनच वाळवा, जोडलेली ठेवली की मधल्या फटीत खवला अडकतो आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या सोसायटीला कळतं काल काय होतं ते.