डोळे भरून येतील असं गाणं कसं ऐकावं

आधी याद्या सोडा. काळजाला हात घालणारी पन्नास गाणी ओळीनं लावली की चौथ्या गाण्यालाच कान बोथट होतात. एकच गाणं घ्या आणि आठवडाभर तेच ऐका.

मी शास्त्रीय गायक द. वि. (दत्तात्रेय विष्णु) पलुस्करांचं 'चलो मन गंगा जमुना तीर' घेतो. मीरेचं भजन. त्या काळी मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत, त्यामुळे गाणाऱ्याला पाल्हाळ परवडत नसे.

पहिल्या दिवशी शब्द वहीत उतरवा, स्वतःच्या कानानं. अडलात तर मागे जा, पुन्हा ऐका. आमच्या पंचवटीत गोदावरीला गंगाच म्हणतात. आई रोज पहाटे "गंगेवर जाऊन येते रे" म्हणून पितळेची कळशी घेऊन उतरायची. परत आली की ओल्या लुगड्याचे थेंब उंबऱ्यापासून देवघरापर्यंत पडलेले असायचे. ती गेली, रामकुंडावर दहावा झाला, पण मला रडू आलं नाही. दोन महिन्यांनी हे भजन लिहून घेताना 'गंगा' शब्द माझ्याच अक्षरात कागदावर उमटला आणि पेन खाली ठेवावं लागलं. म्हणून सांगतो, तुमच्या घरात बोलला गेलेला एखादा शब्द ज्यात असेल, ते गाणं निवडा.

दुसऱ्या दिवसापासून सा धरा. गाणारा फिरून फिरून ज्या स्वरावर येऊन विसावतो, तो सा. तोंड मिटून तोच हलके गुणगुणत राहा. तुम्ही जागेवर आणि गाणारा लांब जातोय, परत येतोय, हे छातीत जाणवायला लागतं. शास्त्र शिकलेलं नसलं तरी हे जमतं. मी शिकलेलो नाही.

शब्दांशी जुळत नसेल तर अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ठुमरी 'पिया बिन नाही आवत चैन' लावा. बोल मोजकेच आहेत. तीच ओळ दर खेपेला ते कशी वेगळी वळवतात, तेवढंच बघा.

गायकाची माहिती मात्र शेवटी वाचा, नाहीतर आपण गाणं न ऐकता गोष्टच ऐकत बसतो. दत्तात्रेयांचे वडील विष्णु दिगंबर. त्यांनी उत्तरायुष्यात इथे नाशकात रामनाम आधार आश्रम काढला. १९३१ मध्ये ते गेले तेव्हा मुलगा १० वर्षांचा होता. तो मुलगाही १९५५ मध्ये गेला, वयाच्या ३४व्या वर्षी. हे कळल्यावर तो स्वच्छ, कुठेही जोर न करणारा आवाज पुन्हा एकदा ऐका.

वेळ पहाटेची, दिवा न लावता. मोबाइलवर पुढचं गाणं आपोआप सुरू होतं, ते आधीच बंद करून ठेवा. माझं ऐकून झालं की मी तीच कळशी उचलतो आणि घाट उतरतो.