एकट्याने रेटवत नसेल तर काय करायचं (पुण्यात राहणाऱ्यांसाठी)

नोकरी गेली, घरात आजारपण आलं, लग्न मोडलं, काहीही असू दे, आपल्याकडे सल्ला ठरलेला, खंबीर रहा. कसं राहायचं ते मात्र कोणी सांगत नाही. मला विचाराल तर एकट्याने खंबीर राहणं फार दिवस चालत नाही. पेठेतल्या तालमीत जोर-बैठका एकट्याने काढता येतात पण कुस्तीला समोर जोडीदार लागतो आणि डाव चुकला की ओरडायला वस्ताद लागतो, तसंच आहे हे. आणि याच तालमींभोवती पुण्यात मंडळं उभी राहिली, मानाचा तिसरा गणपती म्हणजे गुरुजी तालीम, तो १८८७ साली हिंदू आणि मुसलमान घरांनी मिळून बसवायला सुरुवात केली.

तर पहिलं काम, दर आठवड्याला ठरलेल्या वेळी माणसं जमतात अशी एक जागा शोधा. विठ्ठल मंदिरातला हरिपाठ, सोसायटीचं भजनी मंडळ, गुरुद्वारा, चर्च, दर्गा, जिथे तुमचं मन लागेल तिथे. देव मानत नसाल तर वाचनालय किंवा टेकडीवर झाडं लावणारा ग्रुप पण चालेल. व्हॉट्सॲप ग्रुप यात धरू नका, तिथे सगळे गुड मॉर्निंग म्हणतात आणि कोणाला काही कळत नाही. जागा बरोबर आहे का ते ओळखायचं कसं, तर दोन आठवडे गेला नाहीत की "अहो कुठे होतात, बरं आहे ना?" असं कोणी विचारतं का बघा. विचारलं तर टिकून रहा, नाहीतर दुसरी जागा बघा.

दुसरं, मागे बसून ऐकू नका, काहीतरी काम मागून घ्या. हरिपाठाला गेलात तर पखवाजाच्या डाव्या बाजूला, म्हणजे धुमेला, कणीक थापतात हे दिसेल, त्याशिवाय तो घुमत नाही. ती कणीक मळून द्यायचं काम नवीन माणसाला सहज मिळतं. फार घट्ट झाली तर बसत नाही, सैल झाली तर ओघळते, पखवाजवाले काका बोटाने दाबून बघणार आणि "अजून थोडं पाणी" म्हणणार, आणि तुम्ही परत मळणार. सांगायला क्षुल्लक वाटतं पण आपल्यावाचून काहीतरी अडतंय ही भावना वाईट दिवसात फार मोठी असते, बरं हे करताना कोणी तुम्हाला तुमची कहाणी विचारत नाही, तीही सुट्टीच.

श्रद्धेचं म्हणाल तर आधी विश्वास बसू दे मग जाईन असं करू नका. आधी जा. हरिपाठाचे अभंग अठ्ठावीस, टाळावर म्हटले की अर्धा-पाऊण तास जातो, चाल येत नसेल तर नुसतं शेजाऱ्याच्या टाळाकडे बघून टाळ वाजवा. तेवढा वेळ डोक्यातला ईएमआय थांबतो, बाकीचं हळूहळू होतं किंवा होत नाही, त्याची घाई नको.

ज्येष्ठात पालख्या येतात तेव्हा मात्र घरी बसू नका. तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला असते आणि माऊलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला, दोन रात्री मुक्काम, आणि आसपासच्या शाळा, मंगल कार्यालयं वारकऱ्यांनी भरलेली. कोणी दाढी-कटिंग करून देतं, कोणी चपला शिवून देतं, कोणी पाय चोळून देतं. तुम्ही तेलाची बाटली घेऊन जा. भेगा पडलेल्या टाचा हातात घेतल्या की आपलं दुखणं थोडं बाजूला सरकतं, आणि चोळून झाल्यावर तुमच्या आजीच्या वयाची बाई "माऊली" म्हणून उलट तुमच्याच पाया पडते, तेव्हा काय बोलायचं ते सुचत नाही, आपणही वाकायचं आणि काय. जमलं तर पालखी निघते त्या पहाटे माऊलींबरोबर सासवडपर्यंत चाला, तीसेक किलोमीटर आणि शेवटी दिवे घाट. नवे बूट घालू नका, रेनकोट घ्या, परतीच्या बसला गर्दी असणार हे धरून चाला. पूर्ण वारी करायची असेल तर एखाद्या दिंडीत आधी नाव देऊन भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरा, जेवणखाण आणि तंबूची सोय त्यात होते.

आता घरातलं, जे सगळ्यात अवघड. मदत मागताना मोघम बोलू नका. "मला खूप टेन्शन आहे" म्हटलं की समोरचा घाबरतो आणि उपदेश चालू करतो. त्यापेक्षा "दादा, गुरुवारी आईला डायलिसिसला तू घेऊन जाशील का, मला झोप हवीये" असं बोला. आणि त्याने केलं की त्याच दिवशी परतफेड करायला धावू नका, घेता आलं पाहिजे, प्रेमात तेही येतं.

सावध कुठे राहायचं? जिथे दुःखाचा रेट सांगतात, अमुक पूजा तमुक हजार, किंवा घरच्यांशी बोलू नका म्हणतात, तिथून चप्पल घाला आणि निघा. व्यसनाचा प्रश्न असेल तर मुक्तांगण आहे, डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी पु. ल. देशपांड्यांच्या मदतीने १९८६ साली सुरू केलेलं, तिथेही सारखंच दुखणं असलेली माणसं एकमेकांना धरून उभी राहतात. आणि जीव नकोसा वाटतोय, झोप उडालीये असं असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडे गेलं म्हणून हरिपाठ सोडायची गरज नाही, गोळ्या आणि टाळ दोन्ही एकत्र चालतात. विठोबा आहे ना, मग गोळ्या बंद करा असं म्हणणारा कोणी भेटला तर त्याला लांबूनच रामकृष्णहरी.