स्वतःचा अंधबिंदू शोधा, पण त्यावरून एकदम अद्वैतावर उडी मारू नका

कोऱ्या कागदावर डावीकडे फुली काढा. तिच्या उजवीकडे, त्याच रेषेत 8 सेंटिमीटरवर 1 सेंटिमीटर व्यासाचा काळा ठिपका भरा. डावा डोळा झाका आणि उजव्याने फक्त फुलीकडे बघा. कागद हातभर अंतरावरून सावकाश जवळ आणा. साधारण 29 सेंटिमीटरवर ठिपका गायब होतो, आणखी जवळ आणला की परत दिसतो.

ठिपका जातच नसेल तर बहुधा नजर हळूच त्याच्याकडे वळते आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवले तरी प्रयोग फसतो, कारण एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

ऑप्टिक नर्व्ह, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस, डोळ्यातून जिथे बाहेर पडते तिथे दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. हाच अंधबिंदू. तो नजरेच्या केंद्रापासून कानाच्या बाजूला सुमारे 15 अंशांवर जाणवतो. मारियोत या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1660 च्या दशकात हे दाखवलं.

खरी गंमत पुढेच. ठिपक्याला वर-खाली चिकटून 5-5 सेंटिमीटरच्या उभ्या रेघा ओढा. आता ठिपका गेला की रेघ सलग दिसते. भोक दिसत नाही!

इथेच घाई होते: ‘म्हणजे जग भास, चैतन्य तेवढं एक.’ एवढं यातून निघत नाही. सगळं जडच मानणारा एकतत्त्ववादी याला मेंदूचं काम म्हणेल, अद्वैतीला अंधारात दोरीच साप वाटण्याचा दृष्टान्त आठवेल. निरीक्षण दोघांनाही सारखंच पचतं. शिवाय शेजारच्याला ठिपका पूर्ण वेळ दिसत असतो.