गरोदरपणी परदेशी विमानप्रवास: हिशोब परतीच्या तारखेपासून

परदेशी जायचं ठरलं की बहुतेक जणी निघायच्या दिवशी कितवा आठवडा असेल ते पाहतात. पाहायचा असतो परतीच्या दिवसाचा आठवडा. जाताना कुणी अडवत नाही आणि येताना काउंटरवर अडकायला होतं, ते यामुळेच.

विमान कंपन्यांना महिन्यांची भाषा चालत नाही. 'आठवा लागलाय' हे तिथे उत्तर नव्हे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, किंवा सुरुवातीच्या सोनोग्राफीत तारीख बदलली असेल तर त्या तारखेप्रमाणे आठवडे मोजा. ३५ आठवडे ४ दिवस झाले म्हणजे ३६वा आठवडा चालू. कंपनीचा नियम 'पूर्ण झालेले' आठवडे धरतो की 'चालू', हे नीट वाचा, कारण एका आठवड्याचा फरक तिथेच पडतो.

साधारणपणे २८ आठवड्यांपर्यंत बहुतेक कंपन्या कागद मागत नाहीत. पुढे डॉक्टरांचं पत्र लागतं. एक बाळ असेल तर बहुतेक ठिकाणी ३६ आठवड्यांच्या सुमारास प्रवास बंद, जुळी असतील तर ३२च्या सुमारास. प्रत्येक कंपनीची रेषा थोडी पुढेमागे असते. दोन कंपन्यांची विमानं बदलायची असतील तर कडक नियम कोणाचा ते पाहा. तिकिटावर एका कंपनीचं नाव असलं, तरी विमान दुसरीच उडवत असेल तर तिला आधी विचारा.

समजा, निघताना २६ आठवडे आहेत आणि मुक्काम तीन आठवड्यांचा. येताना २९ होतील, म्हणजे पत्र लागणार. पण ते प्रवासाआधी किती दिवसांत दिलेलं हवं याचीही मुदत असते, काही कंपन्यांत तर ती मोजक्याच दिवसांची. घरून नेलेलं पत्र परतीला शिळं ठरू शकतं. म्हणून तिथल्या डॉक्टरांची वेळ निघण्यापूर्वीच घेऊन ठेवा. विमान रद्द झालं तरी अडचण नको, यासाठी परतीची तारीख आणि कंपनीची मर्यादा यांत दोन आठवडे मोकळे सोडा.

पत्र इंग्रजीत आणि लेटरहेडवर घ्या. त्यात आठवडे, प्रसूतीची अपेक्षित तारीख, बाळ एक की जुळी, गुंतागुंत नसल्याचा उल्लेख, दोन्ही उड्डाणांच्या तारखा, 'विमानप्रवासास योग्य' हे स्पष्ट वाक्य, डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक आणि पत्राची तारीख हवी. सर्वांत जास्त वेळा राहून जाते ती ही शेवटची तारीख. कंपनीचा स्वतःचा फॉर्म असेल तर तोच भरून घ्या.

सोयीचा काळ १४ ते २८ आठवडे. उलट्या ओसरलेल्या असतात, पोट अजून आडवं येत नाही. त्याआधी जायचंच असेल तर गर्भ गर्भाशयातच आहे, नळीत नाही, याची सोनोग्राफीने खात्री करा. मुक्कामात चुकणाऱ्या तपासण्यांचीही आखणी करा. बाळाच्या व्यंगांची सोनोग्राफी १८ ते २२ आठवड्यांत असते. रक्तगट निगेटिव्ह असेल तर २८व्या आठवड्याच्या सुमारास अँटी-डी इंजेक्शन येतं. रक्तस्राव, वार खाली असणं, वाढलेला रक्तदाब, गर्भाशयाचं तोंड आखूड होणं, तीव्र रक्तक्षय, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका.

विमा घेताना तीन प्रश्न लेखी विचारा: गुंतागुंत कितव्या आठवड्यापर्यंत धरतात? अकाली प्रसूती धरतात का? जन्मलेल्या बाळाच्या अतिदक्षता विभागाचा खर्च कोण देतं? तिसऱ्याचं उत्तर 'कोणी नाही' असंच अनेकदा येतं, आणि मोठा खर्च तोच असतो.

जाण्याच्या देशात मलेरिया किंवा डासांमुळेच पसरणारा झिका हा विषाणू असेल तर शक्य तो जाणं पुढे ढकला. दोन्हींचा धोका बाळाला पोचतो. पीतज्वराची लस जिवंत विषाणूची असल्याने गरोदरपणी सहसा टाळतात. प्रमाणपत्र सक्तीचं असेल तर डॉक्टरांकडून वैद्यकीय सूट लिहून घ्या, आणि ती चालेल का ते दूतावासाला विचारा.

आता विमानातलं. खरा शत्रू पायांतली रक्ताची गाठ. गरोदरपणी रक्त लवकर गोठतं, गर्भाशय शिरा दाबतं, त्यात तासन्‌तास बसणं. चार तासांहून लांब उड्डाणाला कॉम्प्रेशन मोजे, म्हणजे पाय घट्ट दाबून धरणारे मोजे घाला. घोट्याचं आणि पोटरीचं माप घेऊन घ्या आणि सकाळी पाय सुजण्याआधीच चढवा. वरची कड गुंडाळली गेली तर तीच करकचून रक्त अडवते. सीट मार्गिकेजवळची घ्या, आपत्कालीन दाराजवळची गरोदर बाईला देत नाहीत. तासा-दीड तासाने उठा, बसल्या जागी टाचा-चवडे वरखाली करा. गाठीचा धोका आधीच जास्त असेल तर रक्त गोठू न देणारं हेपॅरिनचं इंजेक्शन घ्यायचं का, ते डॉक्टरच ठरवतील. स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन घेऊ नका.

पट्टा पोटावरून नव्हे, पोटाखालून मांड्यांलगत. झोपताना तो पांघरुणावरून बांधा, म्हणजे तपासायला कुणी उठवत नाही. केबिनमधली हवा फार कोरडी असते, पाणी घोट घोट घेत राहा. दाब कमी झाल्याने आतड्यातला वायू फुगतो, म्हणून आदल्या दिवसापासून कडधान्यं आणि सोडा टाळा. केबिनमधल्या कमी ऑक्सिजनची धास्ती नको: बाळाचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरतं, त्यामुळे निरोगी गर्भाला ही घट सोसते. विमानतळावरच्या चालत जायच्या धातुशोधक दरवाजाचाही धोका नाही.

फाइल, सोनोग्राफीचे अहवाल, औषधं आणि त्यांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत. सामान हरवलं तर लोहाच्या गोळ्या तिथेही मिळतील, पण जुने अहवाल मिळणार नाहीत.

रक्तस्राव, नियमित कळा, पाणी जाणं, डोकं फुटेल असं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काही विमानात झालं तर कर्मचाऱ्यांना लगेच सांगा, उतरेपर्यंत थांबू नका. उतरल्यावर पुढच्या काही आठवड्यांत एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली किंवा अचानक दम लागला, तर थेट रुग्णालय गाठा आणि लांबचा विमानप्रवास केल्याचं आधी सांगा.