ब्रिटिश मालिका घरच्या टीव्हीवर: चॅनेल नको, नाव शोधा

मावशी दर हिवाळ्यात लेस्टरहून पुण्याला येते आणि पहिल्याच संध्याकाळी म्हणते, "अरे, जरा आयप्लेअर लाव ना." ते इथे लागत नाही. बीबीसीची ही सेवा फक्त युनायटेड किंग्डमपुरती आहे आणि तिथली माणसं त्यासाठी टीव्ही लायसन्सची फी भरतात. व्हीपीएन (आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवणारं ॲप) लावून कुंपण ओलांडणारे आहेत, पण ते सेवेच्या अटींत बसत नाही. मी त्या वाटेला जात नाही.

तेव्हा आधी चॅनेल विसरा आणि मालिकेचं नाव धरा. परदेशातले हक्क मालिकेगणिक विकले जातात, म्हणून तर चॅनेल फोरची 'डेरी गर्ल्स' आपल्याकडे नेटफ्लिक्सवर आली. जस्टवॉच या साइटवर देश भारत निवडून नाव टाका. कुठे आहे ते कळतं. 'टास्कमास्टर'चे पूर्ण भाग तर त्यांच्याच यूट्यूब चॅनेलवर आहेत, फुकट.

स्मार्ट टीव्ही असेल तर ॲप टाकलं की झालं. जुन्या टीव्हीला एचडीएमआयमध्ये स्ट्रीमिंग स्टिक, म्हणजे ही ॲप्स चालवणारं छोटं उपकरण, लावा, पण तिची वीज टीव्हीच्या यूएसबीतून घेऊ नका. बऱ्याचदा ती पुरत नाही आणि स्टिक मधेच रीस्टार्ट होते. आणि सबटायटल्स चालू ठेवा, लाजू नका. ग्लासगोचा हेल ऐकून मावशीसुद्धा रिमोट शोधते.

काही जुन्या मालिका मात्र कुठेच सापडत नाहीत. मग डीव्हीडी. 'फॉल्टी टॉवर्स'चे सगळे मिळून 12 भाग, छोट्याशा संचात मावतात. विकत घेण्याआधी कव्हरची मागची बाजू बघा: पृथ्वीच्या गोळ्याच्या चित्रात रीजनचा आकडा असतो, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागासाठी आहे ते. ब्रिटनचा 2, आपला 5. साधा इथला प्लेअर 2 ची डिस्क नाकारतो. टीव्हीच्या चित्राची पद्धत दोन्हीकडे एकच, 'पाल' (PAL) नावाची, त्यामुळे ती अडचण नाही. अडतं ते फक्त रीजनवर. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये रीजन बदलता येतो, पण साधारण 5 वेळाच. शेवटी जो निवडाल तो कायमचा, त्यामुळे उगाच खेळत बसू नका. ब्लू-रेला आकड्याऐवजी अक्षर असतं: ब्रिटन बी, भारत सी.

सोपा उपाय म्हणजे सर्व रीजनचा प्लेअर. नाहीतर मावशीने केलं तसं: डिस्कबरोबर तिथला जुना प्लेअरही बॅगेत टाकला. वीज दोन्हीकडे 230 व्होल्ट, म्हणून ट्रान्सफॉर्मर लागला नाही. चौकोनी पिनांसाठी कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून कन्व्हर्जन प्लग आणला, तेवढंच.